त्या वर्षी गरुड फिरून गेले

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे. माझे नाव काश्तान. पोलंडच्या दक्षिणेकडील डोंगरात, एका कुरणावर मी उरलेले दिवस काढतो आहे. दात झिजल्यामुळे बोगुमिलची मुलगी मला ओट भिजवून देते.

बोगुमिल माझा मालक. रानात पाडलेली झाडे आम्ही दोघे बाहेर काढत असू. छातीला चामड्याचा पट्टा, मागे साखळी आणि साखळीला ओंडका. बर्फात माझ्या अंगातून वाफा निघत. "हळू रे राजा, हळू," तो म्हणे. दुपारी आपल्या पावाचा अर्धा तुकडा मला भरवी. किती सुखाचे दिवस होते ते!

एका हिवाळ्यात आम्ही स्तेफानियाकाकूंच्या रानात कामाला होतो. तिथे फरच्या एका उंच झाडावर ठिपकेदार गरुडांचे घरटे होते. गरुड तेव्हा दूर आफ्रिकेत गेलेले. करवतवाल्या तादेकने ते झाड राखले, पण भोवतालची सारी झाडे पाडली. मी ती ओढून नेली.

वसंतात गरुड परतले. उघड्यावर एकटे उरलेले आपले झाड पाहून ते वर घिरट्या घालत राहिले. घरट्यावर मात्र उतरले नाहीत. मग डोंगरापलीकडे निघून गेले.

काकू काठी टेकत आल्या. "हे काय करून ठेवलंस, तादेक? लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय मी त्यांना!"

"मी काय केलं? घरट्याच्या झाडाला हात तरी लावला का? वनरक्षकानं खुणा केलेलीच झाडं पाडली."

"माझ्याकडे बघू नका," बोगुमिल म्हणाला. "मी आपला पाडलेलं ओढतो."

"आणि रान विकलं कुणी, काकू?" तादेकने विचारले.

काकू एका बुंध्यावर बसल्या. 

"मीच विकलं. छपराला पत्रे हवे होते. वनरक्षकाला घरट्याचं सांगायचं राहिलं. वाटलं, त्याला ठाऊक असेल."

बोगुमिलने टोपी काढली. "मलाही घरटं दिसलं होतं, काकू. मी बोललो नाही."

"मग आता चौघांनी मिळून निस्तरू," तादेक पुटपुटला. "त्या वनरक्षकालाही बोलवा."

त्या शरद ऋतूत काकूंच्या उरलेल्या रानात, दाट झाडीतल्या एका फरवर तादेकने गरुडांसाठी घरट्यासारखी फांद्यांची मोठी टोपली बांधली. फांद्या मी वाहून नेल्या. वनरक्षकाने भोवतालच्या एकाही झाडावर खूण केली नाही. पिल्ले उडेपर्यंत त्या बाजूला करवत न्यायची नाही, असेही ठरले.

पुढच्या वसंतात कुणीच आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "तादेक, त्यात कोंबड्या ठेव, निदान अंडी तरी मिळतील!" गावकरी चिडवत. दरम्यान रानात ट्रॅक्टर आला आणि माझी साखळी खुंटीला गेली. माझ्याकडे कुणी फिरकेनासे झाले.

मग एका सकाळी बोगुमिल धावतच आला आणि त्याने मला गाडीला जुंपले. गाडीत गवतावर गादी घातली होती. अंथरुणाला खिळलेल्या काकूंना त्याने आणि तादेकने उचलून तिच्यावर निजवले. ते माझे शेवटचे काम.

रानाच्या कडेला येताच काकूंनी हात वर केला. "थांबव रे. आणखी जवळ नको. इथूनच ऐकू येतंय."

झाडीतून गरुडाची तीक्ष्ण साद येत होती. तादेक डोळे पुसत दुसरीकडे पाहू लागला. मी कान टवकारून निश्चल उभा राहिलो.

आता काकू नाहीत, बोगुमिलही नाही. मित्रांनो, तुम्ही रान विकणारे असा, तोडणारे असा की नुसते लाकूड वाहून नेणारे, करवत चालण्यापूर्वी एकदा वर पाहा. आणि घरटे दिसले, तर गप्प राहू नका.