गुरुजींच्या नावाचा बाक

आमच्या गल्लीतून बाजाराकडे जाणारी वाट चढाची आहे आणि त्या वाटेवर क्षणभर टेकायला कुठेही जागा नव्हती. शेजारच्या बुआपानचे गुडघे तो चढ चढेनासे झाले, तेव्हा तिच्या मुलीने, दाराणीने, बँकॉकहून फोनवर फर्मान काढले. "बाजारापर्यंत जाववत नसेल, तर लाम्पांगला एकटीनं राहायचं नाही. सोंगक्रानला, नववर्षाच्या सणाला येईन, ती तुला घेऊनच जाईन."

बुआपानचे बाजारातल्या प्रत्येक भाजीवालीशी भांडण आहे. अशा बाईला उंच इमारतीत नेऊन ठेवायचे, म्हणजे तिने भांडायचे कोणाशी?

मी नगरपालिकेत गेले. तेथल्या साहेबांनी मला ज्येष्ठस्नेही शहराचे रंगीत नकाशे दाखवले.

"सुंदर आहेत," मी म्हणाले, "पण यांच्यावर बसता येत नाही."

बाक ठेवण्याची परवानगी घेऊनच मी तेथून उठले. बाक माझा, पुण्य माझ्या दिवंगत यजमानांना. त्यांनी, म्हणजे इन्थोन गुरुजींनी, निम्म्या गावाला अक्षरे शिकवली होती. दानाच्या बाकावर नाव पाठीच्या बाजूला, बारीक अक्षरांत घालण्याची रीत आहे. मला ती पुरेशी वाटली नाही.

"नाव बैठकीवर कोर," मी सिंगखाम गवंड्याला बजावले. "रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे."

"बैठकीवर, बाई?"

"तुला कमी ऐकू येतं का?"

चढाच्या मध्यावर, चिंचेखाली बाक बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुआपान धापा टाकीत तेथवर आली, टोपली खाली ठेवली, बाकाला हात जोडले आणि आल्या वाटेने परत फिरली. तिच्यामागून आलेल्या म्हाताऱ्यांनीही हात जोडले. बसले कोणीच नाही.

"अगं, बसली का नाहीस?" मी तिला गाठून विचारले.

"कुणावर बसू? गुरुजींवर? ताई, शाळेत मी त्यांच्या सावलीवरसुद्धा कधी पाय दिला नाही."

"ते वारले, बुआपान."

"म्हणून काय त्यांच्यावर बसायचं?"

मी बाकाजवळ उभी राहून हुकूम सोडू लागले. माझ्या धाकाने लोक कडेला टेकत आणि माझी पाठ वळताच उठत. मग बाकावर झेंडूची माळ आली. तिच्यापुढे, देवतेला ठेवतात तशी, लाल सरबताची बाटली आली, नळी घातलेली. एके सकाळी तर म्हातारा न्हावी उदबत्ती लावून लॉटरीचा आकडा मागताना सापडला. ज्यांनी जन्मभर एका मुलाला गणिताचे उत्तर आयते सांगितले नाही, त्यांच्याकडे!

सण जवळ आला. बुआपानने कुंपणावरून विचारले, "ताई, माझ्या कोंबड्या तुम्ही ठेवून घ्याल का?"

 मी तडक सिंगखामला बोलावणे धाडले.

"नाव घासून काढ."

"गुरुजींचं? बाई, मला लिहायला त्यांनीच शिकवलं."

"आता पुसायला मी शिकवते. चालव मशीन."

त्याने बाकाची रीतसर क्षमा मागितली आणि मशीन सुरू केले. अक्षरे पांढरी भुकटी होऊन माझ्या लुंगीसारख्या नेसलेल्या रेशमी सिनवर बसत गेली. मी जागची हलले नाही.

"पाठीवर बारीक अक्षरांत घालू का?" त्याने हळूच विचारले.

मोह झाला. "नको. मग कुणी टेकणार नाही."

दाराणी आली आणि आईची परीक्षा घ्यायला तिच्याबरोबर बाजाराला निघाली. मीही निघाले, मला कोणी बोलावण्याची गरज नसते. चिंचेखाली बुआपान थबकली. तिने बैठकीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिले आणि मग ऐसपैस बसली.

"आई, चल ना, ऊन चढतंय," दाराणी म्हणाली.

"तू हो पुढे. मला कसली घाई?"

दम खाऊन ती उठली, बाजार गाठला आणि मुळ्याच्या जुडीवरून अशी भांडली की दाराणीने दोन्ही कानांवर हात ठेवले. सण आटोपताच मुलगी एकटीच बँकॉकला परतली.

हल्ली बुआपानचे नवे गाऱ्हाणे आहे.

"ताई, त्या न्हाव्याला सांगा हो. सकाळपासून बाक अडवून बसतो मेला!"

"तूच सांग," मी म्हणते. "तुला भांडायला कुणी शिकवायला हवं का?"