मामांचे वीस टक्के

"मशीन उघडा," सर म्हणाले. "मामा चुकणार नाहीत."

मामा सायकलवरून उतरून टॉवेलानं मान पुसत होते. ते आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. पण दर सोमवारी, विद्यार्थी यायच्या आत, त्यांच्याकडे एक वेगळं काम असे. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत, जागच्या जागी उभ्या केलेल्या सायकलवर बसून वीस मिनिटं पायडल मारायचं. मी तेव्हा तिशीतली, तिथली साहाय्यक. तोंडाला लावलेल्या नळीतून त्यांचा श्वास एका मोठ्या पिशवीत गोळा करायचा, अंग किती तापलं ते बघायचं, आणि शरीरानं खर्चलेल्या शक्तीतली किती चाकापर्यंत पोचली ते काढायचं, हे माझं काम. अकरा वर्षं मामांचा आकडा वीस टक्क्यांवरून फारसा हलला नव्हता. वाणी वजनं ठेवून तराजू तपासतो, तसं आम्ही मामांना बसवून मशीन तपासत असू.

"पाच घास खाल्ले तर चाकाला एकच पोचतो," मामा नव्या मुलांना सांगत. "बाकीचे चार नुसते अंग तापवायला. घरची म्हणते, तुम्हाला वाढण्यापेक्षा शेगडीत कोळसा घातलेला बरा!"

त्या सोमवारी आकडा सतरा आला. पुढच्या सोमवारी सोळा. अंगाची उष्णताही नेहमीपेक्षा चढलेली.

आम्ही पिशवी बदलली. नळ्या बदलल्या. थर्मामीटर शेजारच्या विभागातून उसना आणला. सायकलच्या चाकावरचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. दर वेळी मामा निमूटपणे चढत, पायडल मारत, आणि आकडा खालीच. सात आठवडे हे चाललं. सर मशीन बनवणाऱ्यांना शिव्या घालत होते.

कमरेचा पट्टा मामांनी आणखी एक भोक आत घेतलेला मी पाहिला होता. विचारलंही.

"मामा, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? बाई, तुमचं मशीन आजारी आहे, त्याला औषध द्या." मग हळूच म्हणाले, "सरांना उगाच काही बोलू नका हं. मी बिघडलो तर मग तपासायचं कशावर?"

मी हसले. हसले, हे मला आजही आठवतं.

आठव्या सोमवारी मामा रजेवर होते. मी नव्या मुलीला आकडे लिहायला बसवलं आणि स्वतःच सायकलवर चढले. माझा आकडा अठरा पूर्णांक चार आला. जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वी मी एकदा हौसेनं बसले होते, तेव्हाही अठरा पूर्णांक चारच. मी वही तशीच घेऊन सरांच्या खोलीत गेले. सरांनी दोन्ही आकडे वाचले आणि चष्मा काढला.

"मामांना आणा," म्हणाले. "माझ्या गाडीतून थेट इस्पितळात."

रक्ताचा आजार होता. डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून आहे?" मामा म्हणाले, "ताप कुठला? मशीनच जास्त दाखवतं." पाच आठवड्यांत मामा गेले.

त्यांची पत्नी त्यांचे प्रयोगशाळेतले कपडे न्यायला आली. मी पिशवी भरून ठेवली होती, पण तिला आधी ती खोली बघायची होती.

"इथं बसायचे?"

"हो."

तिनं पायडलला हात लावून ते थोडं फिरवलं. "बाई, खरं सांगा. ह्यानंच खाल्लं का त्यांना?"

नुसतं नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ती उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही हो," मी म्हटलं. "ही तर सात आठवडे सांगत होती, त्यांना बरं नाही म्हणून. आम्हीच तिला खोटं ठरवलं."

ती रडेल, चिडेल, असं वाटलं होतं मला. ती खुर्चीवर बसली. "मलाही त्यांचं अंग कढत लागायचं," ती म्हणाली. "मी म्हणायची, तुम्ही सायकलची ऊब घरी घेऊन येता. त्यावर हसायचे."

जाताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला. त्याचं ओझं मला अजून वाटतं.

पुढच्या सोमवारी बसायला एक बुटका विद्यार्थी आला. मामांच्या उंचीला लावलेली सीट खाली घ्यायला हवी होती. अकरा वर्षं कुणी न हलवलेला स्क्रू तेल घातल्यावर कुठं सुटला. सीटच्या दांड्यावर, तो सायकलच्या ज्या नळीत बसतो तिच्या तोंडाशी, एक काळी रेघ पडली होती. मी सीट दाबली, तशी ती रेघ नळीत उतरत गेली आणि दिसेनाशी झाली. मग मी स्क्रू आवळला आणि त्या मुलाला म्हटलं, "बस."