एक मात्रा जास्त

मी पेटी बोलतेय. हार्मोनियम म्हटलंत तरी ओ देईन; पण नगर जिल्ह्यातल्या ज्या ख्रिस्ती मंडळ्यांत मी वाढले, तिथे मला पेटीच म्हणतात.

पुण्यातल्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. पॉल वडागळे नावाच्या तरुण पाळकाने मला घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून गावोगाव नेलं. हेच पुढे अँग्लिकन बिशप झाले, सगळ्यांचे 'साहेब'. जांभळा झगा आला, अंगठी आली, पण सकाळी चहाआधी माझ्यापुढे मांडी घालून बसायची सवय गेली नाही.

साहेबांची गीतं माझ्यावरच जमली. आधी चाल, मग शब्द, मात्रा बोटांवर मोजून. शब्द बसला नाही की भाता अर्ध्यात सोडून द्यायचे आणि मी आपली उसासा टाकत बसायचे. छापलेल्या गीतातलं अक्षर कोणी बदललं, तर भर उपासनेत थांबवायचे. भारी हट्टी माणूस! चाळीस वर्षं सोसलंय, मला विचारा.

साहेबांची बायको, आमच्या बाई, वारल्यावर लेक नीला साहेबांना बहारीनला घेऊन आली. ती इथे नर्स आहे, बुसैतीनला राहते. विमानतळावर सामान जड भरलं, तेव्हा साहेबांनी बॅगेतले कपडे काढून ठेवले, मला नाही.

इथली मराठी मंडळी शुक्रवारी जमते, कारण सुट्टी शुक्रवारी. रविवार कामाचा. पहिल्याच शुक्रवारी लोकांनी कौतुकाने साहेबांचं सगळ्यात गाजलेलं गीत काढलं, 'रविवार आला, चला मंदिरी'. फक्त सगळे म्हणाले, 'शुक्रवार आला'.

साहेबांचा हात भात्यावरच थांबला. "एक मात्रा जास्त होते. आणि प्रभू मेलेल्यांतून उठला तो रविवारी. शब्द बदलायचा असेल, तर माझं गीत गाऊ नका."

दीड महिना ते गीत कोणी गायलं नाही. साहेबही घरीच बसू लागले. मला खोळ घातली. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता.

मग एक दिवस सुनीता आली. संगमनेरकडची, सखीरला साफसफाईच्या कामावर असते. हातात शेंगोळ्यांचा डबा.

"साहेब, अकरा वर्षं झाली, मला रविवारची सुट्टी नाही. साडेपाचला बस येती, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करत. तुमचं गाणं माझी आई चुलीपुढं म्हणायची. मी शुक्रवारी म्हणते, तवा देवळात गेल्यासारखं वाटतं. आता तेबी खलास. मग आम्ही काय म्हणायचं?"

"पप्पा, बोला ना," नीला म्हणाली. साहेबांनी माझी खोळ काढली.

मग आठवडाभर त्यांनी माझ्यावर शब्द बसवून पाहिले. 'शुभवार आला', 'सणवार आला'. मात्रा जुळत होत्या, पण त्यांचं समाधान होईना.

गेल्या शुक्रवारी त्यांनी स्वतः सूर धरला आणि म्हणाले, 'शुक्रवार आला'. चाल अडखळली. मी स्वर थोडा लांबवून सांभाळून घेतलं. सुनीताला रडू आलं, तिला पुढे म्हणवेना. साहेब तिच्यासाठी थांबले आणि तीच ओळ पुन्हा म्हणाले, तशीच, मात्रा चुकवून.

माझं आता वय झालंय. इथल्या दमट हवेने दोन पट्ट्या फुगल्यात. तक्रार नाही. मागणं एकच: तुम्हाला रविवार मोकळा मिळत असेल, तर देवळात एक ओळ सुनीताच्या वाटणीची म्हणा.