शेवटचा हात

पॉलिशवाल्या पोशाच्या हातातली कापसाची पोटली जेवणाच्या टेबलाच्या मधोमध अडली. अडली ती क्षणभरच, पण तेवढ्यात थिनरने खालचं लॅकर सोडवलं. पोटली उचलली तेव्हा सागवानावर आवळ्याएवढा पांढुरका डाग उमटला होता.

पळसदरीच्या त्या बंगल्यात तो आणि त्याची बायको कोंडी चार दिवस पॉलिशचं काम करत होते. लॅकर वाळलं की वर बारीक दाणा राहतो. मलमलीत कापूस बांधून केलेल्या पोटलीला बेताचं थिनर लावायचं आणि ती कुठेही न थांबता फिरवायची, म्हणजे दाणा विरघळून बसतो. हा शेवटचा हात पोशा दुसऱ्या कुणाला लावू देत नसे. कोंडीने तीस वर्षं घासायचं, पुसायचं, पोटल्या बांधायच्या आणि शेवटी बाजूला उभं राहायचं.

दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. कर्जतच्या डॉक्टरांनी थिनरच्या वासापासून लांब राहायला सांगितलं, ते त्याने हसण्यावारी नेलं. कुणी पाहत असलं की हात खिशात घाली. कोंडीने कधी विषय काढला नव्हता.

आता ती म्हणाली, लाकडातच गाठ होती म्हणून सांगू. पोशाने नकारार्थी मान हलवली. घरमालकीण विमलताईंना त्याने स्वतः बोलावून डाग दाखवला.

"माजा हात चुकला, ताई. उद्या नीट करून देतो."

विमलताई डागाकडे न बघता त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मग, सावकाश करा, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोंडीने डागाची जागा काचपेपरने घासली, पोशाने लॅकर मारलं. दुपारनंतर ते वाळलं. पोशा पोटली भिजवून, पिळून टेबलापाशी गेला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने ती कोंडीपुढे धरली.

"घे गं."

"मला नाय जमायचं."

"तीस वर्सं बघतेस. थांबू नको, बस."

तिने पोटली टेकवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. पुन्हा नेली, पुन्हा नेली. पोशा तिच्या मनगटाकडे बघत होता. ते कुठेच अडलं नाही. त्याला वाटलं होतं, दोन-चार चुका तरी होतील, मग आपण सांगू. सांगायला काही उरलंच नाही.

संध्याकाळी विमलताईंनी टेबलावरून तळवा फिरवला आणि पोशाला म्हणाल्या, हात अजून तसाच आहे हो तुमचा.

"माजा नाय, ताई. हिचा हाय."

कोंडी खाली बघून चिंध्या गोळा करत राहिली.

निघताना, एरवी पोशा उचलायचा तो थिनरचा डबा तिनेच उचलला. रस्त्याने ती पुढे चालली होती, डबा हिंदकळू न देता. मागून तो येत होता, दोन्ही हात मोकळे, ते कुठे ठेवावेत हे न कळून.