साबणाचा वास

सरांनी शीट खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली आणि मग नाकाशी नेली. कपडे धुण्याच्या साबणाचा वास येत होता.

ड्रॉइंग शिकवण्यात केस पिकलेल्या माणसाला शीटची नक्कल तिच्या मागच्या बाजूवरूनच कळते. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवली, की कंपासचं टोक रुतल्याची खूण उमटत नाही. इथे खुणा होत्या. पण सरांच्या मनातली पाल त्यानेही गप्प बसेना. पोरं काय, खुणा मागाहूनही टोचतील.

शीट ‘खोडरबर’ची होती. काढण्यापेक्षा खोडण्यातच या मुलीचा तास सरायचा, म्हणून वर्गानेच तिचं हे बारसं केलेलं. आणि आज तिच्या शीटवर ठोकळ्याची तिन्ही दृश्यं, समोरून, वरून, बाजूने, बिनचूक.

“कुणी काढून दिली?”

“मीच काढली, सर.”

“मग इथे, माझ्यासमोर काढ. अडलीस तर सत्रातल्या सगळ्या शीट रद्द. वर्ष गेलं समज.”

ती टेबलाशी उभी राहिली.

“सर, तिला जाड कागद द्या. भोक पडेल,” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

सर हसले नाहीत. बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत, डोळ्यांत तेल घालून ते तिचे हात बघत होते. उजवा हात रेघ ओढायचा, थांबायचा. तेवढ्यात डावा ॲप्रनच्या खिशात जायचा.

“खिशात काय दडवलंयस? काढ बाहेर.”

तिने हात बाहेर काढला. मग टेबलावर साबणाची वडी ठेवली. चाकूने कोरलेली. एक पायरी, एक खाच, मधून आरपार भोक. पुस्तकातल्या चित्रातला ठोकळा, जसाच्या तसा. बोटं फिरून फिरून कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

“चित्रात पलीकडची बाजू दिसत नाही, सर. हातात धरली की कळते.”

“मग मॉडेल बघायचं. कॉलेजने लाकडाची मॉडेलं काय शोभेला आणलीत?”

या वेळी कुणी हसलं नाही. ती सरांच्या खांद्यावरून मागे बघत राहिली. तिच्यामागे सगळा वर्गही तिकडेच बघू लागला. तिथे काचेचं कपाट होतं. आत सगळे ठोकळे ओळीने, धुळीखाली. कधीकाळी एक ठोकळा हरवला, तेव्हा सरांनीच कपाटाला कुलूप घातलं होतं.

सरांनी वळून पाहिलं नाही. जुडग्यातली एकेक किल्ली ते बोटांनी चाचपत राहिले. कपाटाची कोणती, ते काही केल्या हाताला कळेना.