कचरापेटीतली नक्षी

थोरलीला भरलेली कचरापेटी बघवत नसे. स्वयंपाकघरातली असो की शिवणखोलीतली, दिवे मालवण्याआधी ती रिकामी झाली नाही तर तिचा डोळा लागत नसे. काल संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना पडद्याच्या कोपऱ्यातली कचरापेटी भरलेली दिसली, तेव्हा तिने तीही रिकामी केली. कॉम्प्युटरने आधी, नक्की ना, असं विचारलं. इतक्या अदबीने तिला या घरात कुणी काही विचारत नसे. तिने खुशीत हो म्हटलं.

सकाळी धाकटी जाऊ कॉम्प्युटरसमोर बसली आणि पांढरीफटक पडली. भरतकामाच्या मशीनची नक्षी ती त्यावर काढायची, आणि गेल्या हिवाळ्यापासूनची सगळी नवी नक्षी त्या पेटीत होती.

"कचऱ्यात ठेवतं का कुणी?" थोरली म्हणाली.

"घरात तेवढी एकच जागा होती, वहिनी, जिथे तुम्ही नाक खुपसत नव्हता."

मग भांडणात उरलेलंही बाहेर पडलं. दुपारी पडद्यांचे एक व्यापारी ही नक्षी बघायला येणार होते. पसंत पडली तर धाकटी स्वतःचं नवं मशीन विकत घेऊन वेगळं काम थाटणार होती. दोघींच्या नवऱ्यांना हे कधीचं माहीत होतं. थोरली मनातल्या मनात भाजून निघाली. धागे भरणं, कडा दुमडणं, गिऱ्हाइकाला गप्प बसवणं यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण साधं पान काढायचं म्हटलं तरी तिच्या हातून त्याचा भोपळा व्हायचा. धाकटी गेली की घरातल्या मशीनवर फक्त ओले टॉवेल वाळत पडणार होते.

धाकटीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पुसलेलं लगेच जात नाही, फक्त त्याची जागा मोकळी धरली जाते. नवीन काही भरलं की ते जुन्यावर बसतं आणि मग देवही काढू शकत नाही. तेव्हा कॉम्प्युटर आत्ताच्या आत्ता बंद करा, आणि मी येईपर्यंत हात लावू नका. पण त्याची गाडी बिघडली होती, त्याला आणायला धाकटीलाच जावं लागणार होतं. निघताना तिने कॉम्प्युटरच्या पाठची वायर उपटली, गुंडाळली आणि पर्समध्ये कोंबली.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," धाकटी म्हणाली आणि दार ओढून गेली.

थोरली टेबलाशी उभी राहिली. हे टेबल रोज तीच पुसायची. प्रिंटरची वायर कॉम्प्युटरला बसते हे तिला पाठ होतं. खणात पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ भरलेला पेन ड्राइव्ह होता. तो कॉम्प्युटरमध्ये उतरवला असता तर वेगळं मशीन, वेगळं काम, सगळं वऱ्हाडाखाली गाडलं गेलं असतं. तिने प्रिंटरची वायर काढून कॉम्प्युटरला लावली. बटणावर बोटही ठेवलं.

आणि तिथेच तिच्या स्वभावाने दगा दिला. एवढं लपवण्यासारखं त्या बयेने काढलंय तरी काय? ज्यात डोकावून बघितलं नाही, अशी वस्तू थोरलीने जन्मात कधी फेकली नव्हती. काल तेवढी चूक झाली होती. न बघता कायमची घालवायची, या विचाराने तिच्या जिवाची तगमग झाली. चरफडत तिने वायर पुन्हा प्रिंटरला लावली.

दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. हळूहळू नक्षी परत येऊ लागली, पण नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक उघडून बघावी लागत होती. धाकटीच्या मागे उभी राहून थोरलीने एकूण एक बघितली. चांगली होती. तिला ते आवडलं नाही.

"या वेलीला धागा तुटेल," ती म्हणाली. "टाके विरळ कर."

धाकटीने मान वळवली नाही, पण टाके विरळ केले. काही फुलं आलीच नाहीत. व्यापाऱ्याला दाखवण्यापुरती मात्र निघाली.

दुरुस्तीवाला गेला. धाकटी पर्समधली वायर काढून कॉम्प्युटरला लावायला वाकली.

"प्रिंटरची वायरही त्याला बसते," थोरली म्हणाली. "पुढच्या वेळी दोन्ही घेऊन जा."

धाकटीचा हात थांबला. तिने प्रिंटरकडे बघितलं, मग बराच वेळ थोरलीकडे.

"पुढच्या वेळी मी इथे नसेन, वहिनी."

"कळलंय मला."

थोरलीने टेबलाखालची कचरापेटी उचलली. आत फक्त दुरुस्तीवाल्याने टाकलेला चिकटपट्टीचा एक तुकडा होता. आत हात घालून तिने तो उलटसुलट बघितला, आणि पेटी रिकामी करायला बाहेर गेली.