बुनरुआमच्या गाडीतलं भूत

पिकअपच्या बॉनेटवर उकडलेलं डुकराचं मुंडकं ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना लाल सरबताच्या बाटल्या होत्या, आत स्ट्रॉ घातलेल्या, कारण भुताला बाटली तोंडाला लावता येत नाही. भोवती पन्नासेक माणसं हात जोडून उभी होती आणि भुतं काढणारा गुरू, म्हणजे आचान, थोंगबाय डोळे फिरवून घुमत होता.

"इंजिन बंद करा," तो भसाड्या आवाजात म्हणाला. "देवीला आवाज सोसत नाही. पण चावी फिरवलेली राहू दे. चावी काढली तर भूत आतच कोंडलं जाईल."

गाडीचा मालक बुनरुआम याने इंजिन बंद करून चावी फिरवून ठेवली. समोरच्या काचेखाली इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा जळत होता. दर आठवड्याला तीनदा बुनरुआम गावातल्या चार किडनीच्या पेशंटांना घाट उतरून नान शहरातल्या इस्पितळात न्यायचा. दोन आठवड्यांपूर्वी हा दिवा लागला. यंत्र लावून पाहणारा गॅरेजवाला म्हणाला, कोड पी शून्य पाच दोन चार, तेलाचा दाब कमी. थोंगबाय म्हणाला, घाटातल्या वळणावर मेलेला ड्रायव्हर तेलात बसलाय. त्याने दिवा घालवला. दोन दिवसांनी तो परत लागला, म्हणून आज मुंडकं.

रांफा बाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. तंत्रशाळेत बावीस वर्षं डिझेल इंजिन शिकवलेल्या. त्यांची आईच त्या चार पेशंटांपैकी एक होती आणि या घडीला सर्वांत पुढे, उदबत्ती धरून बसली होती.

थोंगबायच्या बायकोने, लमयोंगने, स्टिअरिंगला झेंडूची माळ बांधली. बांधताना ती बरीच खाली वाकली. मग फोन समोर धरून व्हिडिओ काढू लागली. थोंगबायने तोंडात पाणी घेतलं, काचेवर फुर्रकन उडवलं आणि ओरडला, "नीघ!"

दिवा विझला.

"साधू, साधू," लोक पुटपुटले. मागून कुणीतरी विचारलं, "पाच-दोन-चारचं तिकीट सरळ घ्यायचं की उलटं?" आणि निम्मा गाव लॉटरीवाल्याकडे वळला.

रांफा बाई पुढे झाल्या. त्यांनी बॉनेट उचललं. मुंडकं घरंगळून खाली पडलं.

"अगं पोरी, पाप लागेल," आई म्हणाली.

"आई, तू उद्या यात बसणार आहेस." बाईंनी तेलाच्या दाबाच्या सेन्सरची पिन काढली. दिवा लागला. पिन परत बसवली, तरी तो तसाच राहिला. "घ्या, आचान. भूत परत आलं. काढा बघू. फक्त या वेळी वहिनींचा फोन माझ्या हातात राहील."

"फोनचा काय संबंध?" लमयोंग म्हणाली.

"नाहीच ना? मग द्या की."

सगळे बघत होते, त्यामुळे तिला द्यावा लागला. थोंगबाय घुमला. पाणी उडवलं. परत उडवलं. तिसऱ्यांदा ठसका लागला. दिवा ढिम्म.

"अश्रद्ध माणूस जवळ असला की देवी येत नाही," तो म्हणाला.

"मघाशीही मी इथेच होते," बाई म्हणाल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी स्टिअरिंगखाली हात घातला आणि काडेपेटीएवढी वस्तू ओढून काढली. तिच्यावर निळा ठिपका लुकलुकत होता. "हे कोड वाचायचं यंत्र. मोबाइलशी जोडलं जातं. कोड वाचतं आणि पुसतंही. पुसताना इंजिन बंद आणि चावी चालू लागते. देवीलाही नेमकं तेच लागतं." यंत्र परत बसवून त्यांनी फोन बुनरुआमपुढे धरला. "मामा, 'पुसा' लिहिलंय तिथे बोट लावा."

बुनरुआमने बोट लावलं. दिवा विझला.

"झालात तुम्हीही आचान," बाई म्हणाल्या. आता मात्र गर्दी खदखदून हसली. लमयोंगने घाईने माळ सोडायला घेतली.

बुनरुआम हसला नाही. "म्हणजे आतला बिघाड तसाच आहे?"

"बघूया."

बाईंनी सेन्सर काढून तिथे काट्याचं साधं मीटर बसवलं आणि इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं. काटा खाली खाली येत शून्याला टेकायला आला. बाईंनी झटकन चावी बंद केली. निवल्यावर तेलाचं भांडं खोललं, तर तेल ओढणाऱ्या जाळीवर करडे, रबरासारखे गोळे चिकटले होते. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी गळती थांबवायला भांड्याच्या कडेला चिकटद्रव्य भसाभस फासलं होतं, तेच सुटून तेलात गेलं होतं.

बुनरुआमने एक गोळा बोटांत चुरडला. "घाटात इंजिन जाम झालं असतं तर?"

"स्टिअरिंग दगडासारखं झालं असतं, ब्रेक जड झाला असता. वळणं तुम्हाला माहीत आहेत."

तो थोंगबायकडे वळला. "दोनदा दिवा घालवलास. चार आजारी माणसं घेऊन मी सहा वेळा उतरलो." त्याचा आवाज चढला नाही, पण थोंगबाय दोन पावलं मागे सरला आणि मग मोटरसायकलपर्यंत सरतच गेला.

जाळी साफ झाली, नवं तेल पडलं, काटा वर चढून स्थिर राहिला. दुसऱ्या दिवशी पिकअप घाट उतरून वेळेवर पोचली.

आई मात्र संध्याकाळी घुश्शातच होती. "एवढी माणसं खोटी, आणि तू एकटी खरी?"

"माणसं खोटी नव्हती, आई. दिवा खरंच विझला, सगळ्यांनी पाहिलं. पण तो कसा विझला, हे कुणी विचारलं नाही. दिवा गाडीचं दुखणं सांगायला असतो. दुखणं न शोधता जो नुसता दिवा घालवतो, तो मुंडकं ठेवणारा असो की पाना धरणारा, त्याच्या गाडीत बसू नकोस. आधी विचार, कसा घालवलास. रागावला, तर उतर."